वर्गात हवामानाचे डिजिटल नकाशे: जूनपासूनचा अनुभव

नाशिकमध्ये नववीला भूगोल शिकवते. यंदा पावसाचे, तापमानाचे धडे जूनपासून प्रोजेक्टरवरच्या नकाशांवर घेतेय. फुकटातली दोन-तीन संकेतस्थळं आणि क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर, एवढाच सरंजाम.

पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशाचा कमी पावसाचा भाग, शिकवायला याला तोड नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या सिन्नरला ६००च्या आसपास. उंचीच्या नकाशावर पावसाचा नकाशा अर्धपारदर्शक करून टाकला की घाटमाथा संपतो तिथेच निळा रंग विरतो. येवला-नांदगावकडे टँकर का फिरतात, हे मग मुलंच सांगतात.

वैताग आणला तो एका संकेतस्थळाच्या रंगपट्टीने. महिना बदलला की पट्टीवरचे आकडेही आपोआप बदलतात, त्यामुळे जुलैचा गडद निळा आणि ऑक्टोबरचा गडद निळा दिसायला सारखेच. "मॅडम, ऑक्टोबरमध्येही एवढाच पाऊस?" मुलांचं काय चुकलं? क्यूजीआयएसमध्ये पट्टीचे आकडे कायम ठेवता येतात, म्हणून आता तेच वापरते. शिकायला वेळ जातो, मराठी पुस्तिका हाताशी नाही, पण एकदा बसलं की बसलं.

दुसरी गोष्ट चौकोनांची. हवामान खात्याची पावसाची चौकोनी आकडेवारी, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाची दिलेली सरासरी, १९०१पासूनची मिळते, हा खजिनाच आहे. पण एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किलोमीटरचा. इगतपुरी ते सिन्नर जेमतेम दोन चौकोन! तापमानाचा चौकोन तर पूर्ण एक अंशाचा. डिसेंबरात निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी येते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि नकाशावर मात्र निफाड भोवतालच्या गावांसारखंच. शांत, निरभ्र रात्री सखल भागात साचणारी थंडी एवढ्या मोठ्या सरासरीत उरतच नाही. यावर वर्गात झालेली चर्चा मला अख्ख्या धड्यापेक्षा मोलाची वाटली. केंद्रावरची नोंद आणि चौकोनातली सरासरी वहीत शेजारी-शेजारी लिहायला लावा, फरक मुलांना लगेच कळतो.

वाऱ्याची हलती चित्रं दाखवणारी संकेतस्थळं मुलांना फार आवडतात. ती अंदाजासाठी ठीक. एखाद्या जागेचं कायमचं हवामान शिकवायचं तर किमान ३० वर्षांच्या नोंदी लागतात.

पाचवी-सहावीला एवढं नको, तिथे भिंतीवरचा नकाशाच बरा. नववीच्या पुढे जरूर वापरा. शाळेच्या नेटचा भरवसा नसेल, तर फाइली आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.