जुन्या पाईपची वाटी: मीठ की कापूस?

तंबाखू ओढायचा जुना ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या कठीण लाकडाचा, पाईप हाती आला की तंबाखू भरायच्या वाटीतील काजळीचा थर खरडून नाण्याच्या जाडीइतका ठेवावा आणि तोंडाची काळी नळी वेगळी काढावी, इथपर्यंत बहुतेकांचे एकमत असते. मतभेद होतो तो लाकडात मुरलेला जुन्या तंबाखूचा डांबरट वास काढण्यावरून. वाटीत जाडे मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडावे, की मिठाच्या जागी कापूस घालावा? मी दोन्ही करून पाहिले आहे.

स्पिरिट दोन्हींत एकच लागते. परदेशातील हौशी मंडळी कडक मद्य वापरतात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे तो विचारच नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलवर काम भागते. पॉलिशवाल्यांचे स्पिरिट स्वस्त पडते, पण ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. जी वस्तू तोंडाला लावायची, तिच्यात ते नको.

मिठाच्या बाजूने बोलायचे तर ते झपाट्याने काम करते. एका रात्रीत ते चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी होते आणि वास निम्म्याने तरी उतरल्यासारखा वाटतो. मिठामुळे दांड्याला, म्हणजे वाटीपासून नळीपर्यंतच्या लाकडी भागाला, तडा जातो असे काही संग्राहक सांगतात. माझ्याकडे तसे घडले नाही, म्हणून तो आरोप मी करणार नाही. माझी तक्रार त्याहून क्षुल्लक आहे, पण माझ्यापुरता निकाल तिनेच लावला.

एका जिनिंग कारखान्यातील साहेबाने आमच्या आजोबांना दिलेला पाईप मी ऐन श्रावणात मीठ घालून ठेवला. सकाळी मीठ झटकले, तर वाटीच्या तळाशी धूर ओढण्याचे जे जेमतेम चार मिलिमीटरचे छिद्र असते, त्यात ओलसर मिठाचा खडा घट्ट बसलेला. फुंकून पाहिले, तळहातावर आपटून पाहिले. मीठ स्पिरिटमध्ये विरघळत नाही म्हणावे इतके कमी विरघळते, आणि जुन्या लाकडात पाणी ओतायला मन होईना. शेवटी सायकलचा आरा घातला, तो निसटला आणि छिद्राच्या काठावर चरा उमटला. खडा निघाला खरा, परंतु लाकडात उरलेले मीठ पुढे महिनाभर ढगाळ हवा आली की पाझरत राहिले आणि वाटी हाताला दमट लागत राहिली. वैशाखात, आमच्याकडची हवा भाजून काढते तेव्हा, मीठ कदाचित इतके छळणार नाही.

कापसाला वेळ जास्त लागतो. दोन-तीन रात्री धरून चालाव्यात. देवापुढच्या वाती वळतात तशी वात वळावी, मात्र दांड्याच्या भोकात सैलसर बसेल इतकी जाड. ती दांड्यातून सरकवून वाटीच्या तळापर्यंत न्यावी, वाटीत कापूस सैल भरावा आणि ड्रॉपरने तो भिजेपर्यंत स्पिरिट सोडावे. बाहेर थेंब सांडू देऊ नये, पाईपची झिलई उतरते; आणि पाईप चुलीपासून लांब ठेवावा. स्पिरिट उडत जाते तसा डांबर कापसात येतो, आणि सकाळी एका चिमटीत सगळा कापूस बाहेर. छिद्रात काही अडकत नाही, ही एकच गोष्ट मला पुरेशी वाटते.

एक गंमत सांगायला हवी. वावरात कापूस उभा असताना मला तो औषधाच्या दुकानातून विकत आणावा लागला, कारण घरच्या कापसात सरकी काढल्यावरही नैसर्गिक मेण राहते आणि तो ओल नीट शोषत नाही.

स्वस्तातला, फार कुबट पाईप असेल आणि दिवस कोरडे असतील, तर मीठ वापरायला माझी हरकत नाही. आजोबांच्या पाईपमधून तिसऱ्या रात्रीनंतर वात फिकट पिवळी निघाली. चरा मात्र वाटीत बॅटरीचा उजेड पाडला की अजून दिसतो.