‘वार्षिक अर्थभविष्य’: रत्नागिरीतील एका ज्योतिष कार्यालयाची सेवा

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका जुन्या ज्योतिष कार्यालयात ‘वार्षिक अर्थभविष्य’ नावाची सेवा मिळते. २,१०० रुपयांत सुमारे तासाभराची बैठक, स्वतःच्या पत्रिकेवरून व ग्रहांच्या गोचर (म्हणजे सध्याच्या राशींतील) भ्रमणावरून तयार केलेला छापील अहवाल आणि वर्षभर प्रत्येक संक्रांतीला, म्हणजे दरमहा सूर्य रास बदलतो तेव्हा, मोबाइलवर येणारे टिपण, असे तिचे स्वरूप आहे. ग्राहकांत आंबा बागायतदार, मिरकरवाड्याचे बोटमालक, गणपतीपुळ्याकडे होम स्टे चालवणारे आणि अलीकडेच डीमॅट खाते उघडलेले तरुण असे सर्व प्रकारचे लोक दिसतात. आमची हापूसची बाग आणि लहानसे कॅनिंग असल्यामुळे फळाचा भाव, पीककर्ज आणि सोन्याची खरेदी हे तीन विषय घेऊन मी ही सेवा घेतली.

बैठकीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. कार्यालयाचे ज्योतिषी शास्त्रीबुवा वेळेवर बसतात, साडेसातीची भीती घालत नाहीत, खडे विकत नाहीत आणि शांतीचा विषय आपणहून काढत नाहीत. जिल्ह्यात हे दुर्मिळ आहे. पत्रिकेतील धनस्थान, लाभस्थान, कर्जाचे षष्ठस्थान आणि व्ययस्थान ते नीट उलगडून दाखवतात. गुरू हा धनाचा आणि बँकव्यवहाराचा, बुध व्यापाराचा, मंगळ जमिनीचा, शनी लोखंड, तेल आणि श्रमिकवर्गाचा, तर राहू सट्टा आणि परदेशी पैशाचा कारक (म्हणजे त्या विषयाचा सूचक ग्रह), ही मांडणी ते इतक्या सहजतेने करतात की ऐकणाऱ्याला बाजारातील प्रत्येक हालचालीमागे कोणीतरी ग्रह दिसू लागतो.

व्यक्तीच्या पत्रिकेनंतर अहवालात देशाची पत्रिका येते. १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र आणि दिल्ली हे स्थान धरून मांडलेल्या या पत्रिकेचे लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, वृषभ असून कर्क राशीत पाच ग्रह एकत्र आहेत. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे, राहू-केतू दीड वर्ष आणि गुरू साधारण एक वर्ष राहतो, त्यामुळे मोठ्या आर्थिक उलथापालथींसाठी याच मंद ग्रहांकडे पाहिले जाते. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला. मीन ही वृषभ लग्नापासून अकरावी रास, म्हणजे लाभस्थान, म्हणून देशाचे उत्पन्न सावकाश पण टिकाऊ पद्धतीने वाढेल, असा निष्कर्ष अहवालात आहे. नियम आधी आणि निष्कर्ष नंतर, हा क्रम पाळलेला असल्यामुळे वाचताना समाधान वाटते.

हेच नियम मागे नेऊन पाहिले, की अडचण सुरू होते. २००८मध्ये सेन्सेक्स जानेवारीतील २१ हजारांवरून ऑक्टोबरअखेर ८ हजारांच्या खाली गेला, आणि त्या संपूर्ण पडझडीच्या काळात धनकारक गुरू स्वतःच्याच धनू राशीत होता. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९००हून अधिक अंकांनी कोसळला, तेव्हाही गुरू धनू राशीतच होता. त्यानंतर तो मकर या आपल्या नीच राशीत, म्हणजे जेथे तो सर्वांत दुर्बळ मानला जातो तेथे, गेला, वक्री (उलट्या गतीचा) होऊन मागे आला, पुन्हा मकरेत शिरला आणि तेथेच असताना, २१ जानेवारी २०२१ रोजी, सेन्सेक्सने प्रथमच ५० हजारांचा टप्पा ओलांडला. स्वगृहीच्या गुरूत बाजार बुडाला आणि नीचीच्या गुरूत तो उसळला, असा हा हिशेब निघतो. मी तो शास्त्रीबुवांसमोर ठेवला. ते जराही गडबडले नाहीत. २००८मध्ये शनी सिंहेत, म्हणजे शत्रुराशीत होता. २०२०मध्ये धनू राशीत गुरूसोबत केतू होता. २०२१मध्ये मकरेत स्वगृहीचा शनी असल्यामुळे गुरूचा नीचभंग झाला होता, म्हणजे त्याचे दुर्बळपण रद्द झाले होते. तिन्ही उत्तरे शास्त्राला धरूनच होती. माझा आक्षेप एवढाच आहे की ही उत्तरे घटना घडून गेल्यावर सापडतात, आणि अहवालातील पुढच्या वर्षाच्या पानांवर मात्र कोणता अपवाद कोणत्या नियमावर मात करणार हे कोठेही लिहिलेले नसते.

याच्या तुलनेत अहवालाचा जुन्या वळणाचा भाग मला अधिक प्रामाणिक वाटला. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथात वस्तूंच्या तेजी-मंदीसाठी अर्घकांड नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि आपल्या पंचांगांतील संवत्सरफळ, म्हणजे वर्षाचे भविष्य, त्याच परंपरेतले. चैत्र शुद्ध प्रतिपदेचा वारेश (त्या वाराचा स्वामी ग्रह) वर्षाचा राजा, मेष संक्रांतीचा वारेश मंत्री, सूर्याच्या आर्द्राप्रवेशाचा वारेश मेघेश (पावसाचा अधिपती), अशी ही रचना पाडव्याला पंचांगवाचन ऐकलेल्या कोणालाही ठाऊक असते. संक्रांतीच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून ती संक्रांत १५, ३० किंवा ४५ मुहूर्ती (मुहूर्त हे कालमापनाचे जुने एकक) ठरते. १५ मुहूर्ती असल्यास महागाई, ३० मुहूर्ती असल्यास भाव सम आणि ४५ मुहूर्ती असल्यास स्वस्ताई. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा आणि शततारका या सहा नक्षत्रांवर महागाई सांगितली आहे, सहांवर स्वस्ताई आणि उरलेल्या पंधरांवर समभाव. हा नियम खरा ठरो वा खोटा, त्यात पळवाट नाही. महिना संपला की वाण्याच्या बिलावरून तो कोणालाही तपासता येतो. शास्त्रीबुवांनी मात्र या भागाला अहवालात जेमतेम अर्धे पान दिले आहे आणि शेअर बाजाराला त्याच्या कितीतरी पट जागा. गिऱ्हाईक काय मागते हे त्यांना पक्के माहीत असावे.

जुन्या पद्धतीतील काही ठोकताळे खरे का ठरतात, याचे उत्तर माझ्या मते पुष्कळदा सूर्यात आहे. सूर्य मृग नक्षत्रात दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो, आणि कोकणात पाऊसही त्याच सुमारास येतो. सूर्याचे नक्षत्र म्हणजे ऋतूचे वेळापत्रकच आहे. त्यावरून पेरणी, मासेमारीचा खंड आणि भाताच्या भावातील चढउतार सांगितले तर ते बऱ्याच अंशी जुळणारच. गुरू किंवा शनी यांचे भ्रमण अशा कोणत्याही ऋतूशी बांधलेले नाही.

आंब्याविषयीचे पान या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. शुक्र मीन राशीत, म्हणजे उच्चीचा (सर्वांत बलवान मानला जाणारा) असताना रसाळ फळांना तेजी येते आणि हे अनेक वर्षांचे अनुभवसिद्ध निरीक्षण आहे, असे त्यात म्हटले आहे. निरीक्षण खरे असेलही. शुक्र आकाशात सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही, त्यामुळे तो मीन राशीत असण्याचा काळ नेहमी जानेवारीच्या अखेरीपासून जूनच्या आरंभापर्यंतच्या अवधीतच पडतो. वाशीच्या बाजारात हापूसची पेटी बोलते तीही याच महिन्यांत. यात शुक्राने भाव वाढवल्याचे काहीच सिद्ध होत नाही. भाव ठरतो तो डिसेंबरातील थंडीवर, मोहोर किती टिकला यावर, थ्रिप्स या किडीवर, अवकाळी पावसावर आणि एकाच आठवड्यात किती माल वाशीला उतरला यावर. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख त्या पानावर नाही. अशी नाती शोधण्याचा मोह केवळ ज्योतिषांना पडतो असे नाही. एकोणिसाव्या शतकात जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने व्यापारी मंदीचा संबंध सूर्यावरील डागांशी जोडला होता, आणि १९२३मध्ये हेन्री मूर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शुक्राच्या आठ वर्षांच्या चक्राशी. दोघेही आकडेमोडीत पटाईत होते, तरी त्यांचे सिद्धांत टिकले नाहीत.

सोन्याबाबतचा सल्ला गुरू आणि सूर्य यांच्या स्थितीवर दिलेला आहे. २३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरील सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि त्याच दिवशी रत्नागिरीच्या पेढ्यांवरही भाव उतरला. अशी घटना कोणत्या स्थानावरून पाहावी, असे मी विचारले असता ‘राजयोगकारक रवी’ असे त्रोटक उत्तर मिळाले. त्या दिवसाआधी लिहिलेले एखादे टिपण दाखवता आले असते तर उत्तराला वजन आले असते.

पीककर्जाचा भाग मात्र उपयोगी ठरला, आणि त्याचे श्रेय ग्रहांपेक्षा शास्त्रीबुवांच्या व्यवहारज्ञानाला द्यावे लागेल. षष्ठेशाची, म्हणजे कर्जाच्या षष्ठस्थानाच्या स्वामी ग्रहाची, स्थिती सांगता सांगता त्यांनी कर्ज कधी घेतले, हप्ता कधी येतो, फळाचे पैसे दलालाकडून कधी सुटतात, हे सर्व विचारून घेतले आणि कॅनिंगचे पैसे हाती येईपर्यंत नवे कर्ज घेऊ नये असे सांगितले. गावातला एखादा निवृत्त बँक अधिकारीही हेच म्हणाला असता, पण त्याच्यासमोर आपण इतक्या मोकळेपणाने हिशेब मांडत नाही.

दर संक्रांतीला येणाऱ्या टिपणांनी निराशा केली. ती व्यक्तिगत असतील असे सांगितले होते, परंतु शेजारच्या बागायतदाराला आणि मला शब्दशः एकच मजकूर येतो, हे लवकरच लक्षात आले. समभागांची नावे देणारे पान तर अहवालात असूच नये. मोबदला घेऊन समभागांचा सल्ला देणाऱ्याला ‘सेबी’च्या २०१३च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार नोंदणी लागते, आणि तशी नोंदणी आहे का, या प्रश्नावर कार्यालयातील मदतनिसाने विषय बदलला.

ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी केवळ बैठकीची मागणी करावी. ती वेगळी मिळते आणि तिची दक्षिणा अर्ध्याहून कमी आहे. जाताना कर्जाची कागदपत्रे आणि मागील हंगामाचा पट्टीहिशेब (दलालाकडील विक्रीचा हिशेब) सोबत न्यावा, आणि भावाविषयी काही सांगितले गेल्यास वस्तूचे नाव, महिना आणि तेजी की मंदी, हे शास्त्रीबुवांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे. पाडव्याच्या आधीच्या पंधरवड्यात तेथे फार गर्दी असते.