ठाण्याच्या दमट हवेत लोकरीचा टॉपर: आठ महिन्यांनी

"लोकर? ठाण्यात? मे महिन्यात उकडून मरशील!" सासूबाईंचं पहिलं वाक्य. पण माझी कंबर कॉयरच्या गादीने पार धरली होती. घोडबंदर रोडच्या एका दुकानातून ६,८०० रुपयांना टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा जाडसर थर, आणला. 'शंभर टक्के लोकर' यावर विश्वास नव्हता, म्हणून शिवणीतून बाहेर डोकावणारे दोन तंतू घरी गॅसवर धरले. केस जळल्यासारखा वास, चुरगळणारी राख. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती.

उकडलं? नाही. लोकर घाम शोषून घेते, त्यामुळे पाठ चिकचिकत नाही. कंबरेला बराच आराम आहे, पण गादीला मधोमध खड्डा पडला असेल तर टॉपर तो भरून काढणार नाही.

तक्रार एकच, कोपऱ्यांचं इलॅस्टिक. दोन महिन्यांत सैल पडलं, दुकानदार म्हणाला, "ताई, शिवून घ्या."

जुलैत मात्र ओल्या मेंढीचा वास यायला लागला. धुवायचा मोह आवरला, मशीनमध्ये लोकर आटून नमदा होते. दर रविवारी खुर्च्यांवर पसरून पंख्याखाली ठेवते. कसर लागू नये म्हणून व्हॅक्युमही फिरवते.

चार तारे. पाचवा इलॅस्टिकने खाल्ला.