ग्रिप करून देतो म्हणाला आणि पिस्तूलच खराब करून ठेवलं

लिहिणार नव्हतो खरं तर, लाज वाटते. 22 वर्षं उद्यमनगरात लेथ चालवतोय, दहावा हिस्सा एमएम कमीजास्त झाला तरी बोटाला कळतं, आणि मलाच एकानं लाकडाच्या तुकड्यात गंडवलं. पण परवा शूटिंग रेंजवर अजून एक पालक त्याच माणसाचं नाव घेताना ऐकलं म्हटलं आता सांगायलाच पाहिजे.

आमची पोरगी 10 मीटर एअर पिस्तूल मारते. कोल्हापुरात काय, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाज आधीपासून होत्याच, त्यात 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून गल्लीगल्लीत कोणीतरी रेंजवर जातंय. पिस्तूल सेकंडहँड घेतलं, परदेशी, घरातलीच्या पाटल्या गहाण पडल्या त्यासाठी. फक्त ग्रिप, म्हणजे हातात धरायची लाकडी मूठ, मोठा. मीडियम साईजचा होता आणि पोरीचा हात बारका, ट्रिगरला बोटाचं टोकच लागायचं.

तर हा माणूस रेंजच्या बाहेर चहाच्या गाड्यावर भेटला. गोड बोलणारा, मालक मालक करत. मोबाईलमध्ये ग्रिपचे फोटो, एकाहून एक देखणे. "इंपोर्टेड अक्रोडाचं लाकूड मालक, पोरीच्या हाताच्या मापानं करून देतो, 14 हजार." पोरीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलनं गिरवून घेतला. 9 हजार तिथंच यूपीआयनं दिले, बिल मागितलं नाही. आणि वर पिस्तूल आणि त्याचा ओरिजिनल ग्रिपसुद्धा देऊन बसलो, फिटिंगला लागतंय म्हणाला, दोन दिवसात आणतो. आता तुम्ही म्हणाल एवढं महागाचं पिस्तूल अनोळखी माणसाच्या हातात दिलंच कसं, तर घरात रोज हेच ऐकतोय.

दोन दिवसाचे अडीच महिने झाले. पोरगी तोवर दुसऱ्यांची पिस्तुलं मागून सराव करत होती. शेवटी आणून दिलं एकदाचं. वरून चकचकीत. उरलेले 5 हजार पण घेतले पठ्ठ्यानं आणि जुना ग्रिप कुठाय विचारलं तर "वर्कशॉपमध्ये राहिला, उद्या देतो."

पहिल्याच आठवड्यात पोरीचं मनगट दुखायला लागलं. 600 पैकी 555 च्या आसपास मारणारी पोरगी 530 वर आली. मला वाटलं सवय नाही, होईल. मग स्पर्धेला गेलो तिथं शूटिंगच्या आधी सामान तपासतात, पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 एमएमच्या खोक्यात बसावं लागतं. बसेना. तळव्याखालची फळी असते ना, पाम शेल्फ, ती एवढी रुंद काढलेली की 50 मध्ये मावतच नाही, आणि मागं मनगटाला टेकत होती, नियमानं मनगट मोकळं पाहिजे. पोरगी तिथंच रडली. दुसऱ्याच्या पिस्तुलावर कशीबशी मॅच पूर्ण केली.

घरी येऊन ग्रिप खोलला आणि डोकंच फिरलं. अक्रोड कसलं, कसलंतरी हलकं लाकूड, वर तपकिरी पॉलिश आणि खड्ड्यांत गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी. तेही सोडा. ग्रिप आत बसत नव्हता म्हणून त्यानं पिस्तुलाची फ्रेमच कानशीनं घासलेली! लाकूड घासायचं सोडून फ्रेम! आमच्याकडं शिकाऊ पोरगा पण असं करणार नाही. फ्रेमला मार्किंग ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग लावायचा, ग्रिप दाबून काढायचा, लाकडावर जिथं निळं उठतं तेवढंच खरवडायचं, परत दाबायचा, असं पंधरावीस वेळा. हे मला रोजच्या कामातलं माहीत, पण विचारायचं सुचलं नाही.

नंतर एका पॅटर्नवाल्या मामांकडून ग्रिप करून घेतला, शिरोलीला फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने करतात ते. त्यांनी आधीच सांगितलं पोरीला घेऊन या, नायतर येऊ नका. चार रविवार बसवलं. डोळे मिटून हात वर करायचा आणि मग डोळे उघडायचे, नेम धरायची पुढची साईट मागच्या खाचेच्या मधोमध आपोआप दिसली पाहिजे, डावीउजवीकडं गेली की कुठंतरी लाकूड कमी करायचं नाहीतर भर घालायची. मग नुसता ट्रिगर मारून बघायचा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, त्या भामट्यानं अडीच महिन्यात एकदाही पोरीच्या हातात पिस्तूल दिलं नव्हतं. कागदावरच्या रेघेवरून मापाचा ग्रिप करणार होता म्हणे.

आणि जुना ग्रिप? तो सांगलीच्या एका पोराकडं निघाला. आतल्या बाजूला पोरीनं पेन्सिलनं नाव लिहिलेलं, तसंच होतं. त्या बिचाऱ्यांनी 11 हजाराला घेतला, "स्पेशल बनवलेला" म्हणून. त्यांना काय बोलणार, ते पण फसलेच की.

पोलिसांत अर्ज दिलाय. यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, पण बिल नाही त्यामुळं पुढं सरकंना. नाव इथं टाकत नाही, वकील नको म्हणालेत. पण एवढं बघा, त्याच्या व्हॉट्सॲपच्या डीपीला एक गडद ग्रिप आहे, अंगठ्याच्या जागी पांढरट डाग असलेला. तो आमचाच आहे, डाग पोरीच्या खडूच्या पावडरीचा.