फणसाच्या फळ्या, ऐनाचे वासे: कुजलेला डेक दुरुस्त केल्यानंतरचे दहा महिने

२०२४ च्या नाताळात आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याच्या खुर्चीचा मागचा पाय डेकमध्ये, म्हणजे खोल्यांसमोरच्या उघड्या लाकडी ओट्यात, खचला. माणूस हसत उठला, पण चहा सगळा त्याच्या अंगावर. ‘एक फळी सैल झालीय हो’ म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिलं, तर फळी धडधाकट होती. तिचं टोक ज्या वाशावर टेकलेलं होतं, तो वासाच संपला होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. चहात बुडवलेला टोस्ट जसा हाताला लागतो तसं लाकूड.

घर दापोली तालुक्यात, हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात. मध्ये सुरूचं बन आणि पलीकडे समुद्र. मागीलदारी दोन खोल्या बांधून आम्ही पाहुण्यांना देतो आणि त्या खोल्यांसमोर हा १६ बाय १० फुटांचा डेक आहे. सासरे त्याला अजून ‘मचाण’च म्हणतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. अशा जागी उघड्यावर लाकूड घालणं हाच मुळात शहाणपणा नाही, हे मला आता कुणी सांगू नये. घातलंय, तर ते टिकवायचं कसं एवढंच लिहिते.

चूक सुरुवातीची आणि आमचीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडची निम्मी झाडं आडवी करून गेलं. आमच्या वाडीतला जुना फणस आणि दोन रायवळ आंबे पडले. लाकूड घरचंच, म्हणून वखारीत नेऊन चिरून आणलं. फणसाच्या फळ्या, आंब्याचे वासे आणि खांब. नीट वाळूही न देता डिसेंबरात डेक उभा केला. आंब्याचं लाकूड पेट्या-खोक्यांना ठीक. पावसात, जमिनीला टेकून ते टिकत नाही, हे वाडीतल्या कोणाही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही. वर खांब थेट काँक्रीटमध्ये गाडले. खांब सुकला की किंचित आकसतो, त्याच्याभोवती केसाएवढी फट पडते, पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथेच राहतं. चार पावसाळ्यांत सहाही खांब जमिनीच्या रेषेवर कमरेत मोडल्यासारखे झाले. वरून बघाल तर उत्तम तब्येत!

तिसरी चूक सुताराच्या कौतुकाची. त्याने फळ्या इतक्या घट्ट बसवल्या होत्या की मधून सुई जाणार नाही. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जोड दाखवायचो. घरातल्या तक्तपोशीला ती शोभते. पावसात तिचा अर्थ एवढाच, की पाणी खाली जात नाही आणि हवा वर येत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. आमच्या वाशांवर जूनपासून दिवाळीपर्यंत ओल्या फडक्याचीच अवस्था होती.

दुरुस्ती शिमग्यानंतर सुरू झाली, कारण पालखी घरोघर फिरून परत देवळात जाईपर्यंत आमच्या मेस्त्रींना हाक मारण्यात अर्थ नसतो. हे मेस्त्री नवीन होते, साठी ओलांडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी वाकस खाली ठेवला, ओटीवरच्या खांबाकडे बोट केलं आणि म्हणाले, “वहिनी, हा खांब कशावर उभा आहे?” तळखड्यावर. काळ्या दगडाचा घडीव तळखडा, जमिनीपासून वीतभर वर. घर नव्वद वर्षांचं, खांबाच्या बुडाला ओरखडा नाही. “मग मागचे खांब का पुरलेत?” मी गप्प.

तळखडे तालुक्यातच एका मोडलेल्या घराच्या ढिगात मिळाले, सहा नग १,८०० रुपयांना. त्याच घराचे ऐनाचे, म्हणजे ऐन नावाच्या जंगली झाडाच्या कडक लाकडाचे, वासेही घेतले, भाड्यासकट १८,००० रुपये. हल्ली गावोगाव कौलारू घरं मोडून स्लॅब पडतायत, त्यामुळे असं लाकूड मिळतं. चांगलं लाकूड हवं असेल तर नव्या वखारीआधी तिथे चौकशी करा. अट एकच, प्रत्येक वासा हाताने चाचपून आतले जुने खिळे काढा. आमच्या करवतीची दोन पाती एका दिवसात गेली. ऐनात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते लोखंडाला लागलं की काळं पडतं, त्यामुळे जिथे लोखंडी खिळा होता तिथे शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो. तोच खुणेचा दगड समजायचा आणि तिथे खोदायचं.

आधी दोन-दोन फुटांवर नऊ वासे होते. आता सोळा-सोळा इंचांवर तेरा आहेत. चालताना पूर्वी फळी दबून कुरकुरायची, ते पूर्ण थांबलं. वाशांच्या खालच्या दोन सागाच्या तुळया जुन्याच ठेवल्या. फणसाच्या ४६ फळ्यांपैकी ११ बाद झाल्या, त्याही बहुतेक फक्त टोकांना. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे नळ्यांचं जुडगं, पाणी तिथूनच ओढलं जातं. या वेळी प्रत्येक टोकाला बसवण्याआधी तीन वेळा तेल पाजलं, आणि जिथे दोन फळ्या समोरासमोर येतात तिथेही फट सोडली. दोन फळ्यांमधली फट मोजायला मेस्त्रींनी चार इंची खिळा मध्ये उभा धरला. त्याची जाडी साधारण ५ मिलिमीटर. पूर्ण डेक त्या एका खिळ्याच्या मापाने बसलाय.

आता एकेका सामानाबद्दल, दहा महिने आणि एक आडदांड पावसाळा बघितल्यानंतर.

स्क्रू. यावर मी सगळ्यात जास्त भांडले आणि सगळ्यात जास्त खूश आहे. दुकानात स्टेनलेस म्हणून मिळतात ते बहुतेक ३०४ जातीचे. समुद्राजवळ ३१६ लागतात. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाहीत. तालुक्याला मिळाले नाहीत, मुंबईहून मागवले. साडेसहाशे स्क्रूंना १०,००० रुपये गेले आणि घरात दोन दिवस अबोला. नवऱ्याने हट्टाने कठड्याला ३०४ वापरले, त्यामुळे तुलना आयतीच झाली. ऑगस्टमध्ये कठड्याच्या प्रत्येक स्क्रूखाली चहाचा ओघळ सुकल्यासारखा तपकिरी डाग होता. खालच्या ३१६ वर काही नाही. ताकद गेलेली नाही, फक्त दिसायला वाईट. पण मला दिसतं ना रोज. एक सावधगिरी मात्र घ्या. स्टेनलेस मऊ असतं, जुना ऐन दगडासारखा कडक. आधी ड्रिलने भोक न पाडता पहिल्या तासात नऊ स्क्रूंची डोकी तुटली. नंतर भोक पाडून, आट्यांना मेण लावून बसवले तेव्हा सुरळीत गेले.

डांबरी चिकटपट्टी. पत्र्याची गळती बंद करायला वापरतात तीच. वाशांच्या वरच्या अंगावर लावली, म्हणजे फळीच्या फटीतून उतरलेलं पाणी वाशावर मुरत नाही आणि स्क्रूच्या भोवतीही डांबर घट्ट बसतं. खर्च ३,२०० रुपये. दिवाळीनंतर मुद्दाम तीन फळ्या उचलून पाहिल्या. दोन जागी खालचं लाकूड कोरडं, रंगसुद्धा तोच. तिसऱ्या जागी पट्टीची कड वर वळून छोटी पन्हळ झाली होती आणि तिच्यात सुरूच्या काड्यांचा लगदा साचला होता. तो काढून कड कापून टाकली. पट्टी लावताना ती दोन्ही बाजूंना खाली वळवून दाबा, वर उठू देऊ नका.

लाकूड घट्ट करणारं दोन डब्यांचं इपॉक्सी आणि त्याची लांबी, म्हणजे भेगा भरायची पुट्टी. ४,६०० रुपये पाण्यात. कंपनीचं नाव देत नाही, वापरणाऱ्याचीही चूक असेल. एका तुळईचं टोक फूटभर कुजलं होतं, ते खरवडून त्यात हे भरलं. एप्रिलात दगडासारखं झालं, रंधा मारून गुळगुळीत केलं, फोटोही काढले. सप्टेंबरात अंगठ्याने दाबलं तर अख्खी लांबी करवंटीसारखी हातात आली आणि मागे ओला भुसा. आत ओल राहिली होती. वरून झाकण लागल्यावर तिला बाहेर पडायला वाट उरली नाही, आणि कुजणं मजेत चालू राहिलं. शेवटी मेस्त्रींनी ते टोक कापून ऐनाचा तुकडा खाचेत बसवून जोडला. हीच लांबी कठड्याच्या एका कोरड्या चिरेत मात्र अजून घट्ट आहे. म्हणजे माल वाईट नसावा, जागा चुकली.

तेल. वार्निश आधीच्या वेळी लावलं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात पापुद्रे. या वेळी डेकसाठी मिळणारं रंगीत तेल घेतलं, ६,५०० रुपयांचं. दोन हात एप्रिलात झाले, तिसरा पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर मेअखेर द्यायचा होता. २०२५ चा मे आठवत असेलच. २४ तारखेला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं, दुसऱ्या दिवशी मान्सून देवगडपर्यंत पोचला. तिसऱ्या हाताचा डबा अजून माळ्यावर आहे. दोन हातांवर पावसाळा निघाला. समुद्राकडच्या फळ्या करड्या पडल्यात, भिंतीकडच्या अजून मधाच्या रंगाच्या. पाणी आता थेंब होऊन उभं राहत नाही, म्हणजे परत तेल द्यायची वेळ झाली.

एका कोपऱ्यात हौसेने चार फळ्यांना नुसतं जवसाचं तेल लावलं. जुलैपर्यंत त्यावर काळी बुरशी अशी माजली की पाहुण्यांनी विचारलं, इथे चूल होती का? आमच्या दमट हवेत बुरशीला ते जेवणच. आणि त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

खालच्या अंगाला, म्हणजे वाशांच्या बाजू आणि खांबांच्या बुडांना, काजूच्या टरफलाचं तेल. कोळी होड्यांना लावत आले तेच. काळंकुट्ट, दाट, आणि अंगाला लागलं तर कातडी जाते. मी रबरी हातमोजे घातले होते, पण मनगटावर एक थेंब उडाला. त्याचा फोड बरा व्हायला तीन आठवडे लागले, डाग अजून आहे. मावसबहीण आली ती पायरीवरूनच म्हणाली, “होडीचा वास कुठून येतोय गं?” वास महिनाभर राहिला. दहा महिन्यांत वाळवीची एकही माती चढलेली नाही. श्रेय तेलाला की तळखड्यांना, ते वेगळं करून सांगता येणार नाही. वरच्या फळ्यांना हे लावू नका, बसणाऱ्यांचे कपडे जातील.

शेवाळ हा वेगळा वैताग. जुलैत डेक साबणासारखा झाला आणि सासरे घसरले. कोपर खरचटण्यावर निभावलं. घाबरून मी विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओतली. शेवाळ गेलं, पण फळ्यांना मांजराच्या अंगासारखी लव आली आणि कठड्याचे स्क्रू एका आठवड्यात आणखी तपकिरी झाले. त्यानंतर फक्त नारळाचं सोडण आणि पाणी, फळीच्या रेषेत, दर चार दिवसांनी. आठवड्यातून एकदा खराट्याचा जाडसा हीर घेऊन फटींतल्या सुरूच्या काड्या काढायच्या. हे काम सासऱ्यांनी स्वतःहून घेतलंय; स्टूल टाकून बसतात, एकेक फट साफ करतात आणि किती निघालं ते ढीग करून मला दाखवतात.

मजुरी मेस्त्री आणि गडी मिळून सोळा दिवसांची ३०,४०० रुपये. सगळं मिळून ७४,५००. ‘एवढ्यात प्लॅस्टिक-लाकडाचं का नाही केलं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शेजारच्या वाडीत तसा डेक आहे. मेमध्ये दुपारी अनवाणी त्यावर उभं राहून बघा.

राहिलेली कामं: न्हाणीच्या नळासमोरच्या दोन फळ्या सारख्या भिजतात, त्यांची टोकं मऊ लागायला लागलीयत. त्या बदलायच्या, नळाला पुढे पन्हळ काढायची आणि कठड्याचे ३०४ उपटून टाकायचे. तिसऱ्या हाताचा डबाही संपवायचा. मेस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, शिमगा होऊ दे.