रोसुवास्टॅटिन 10 (कोलेस्टेरॉलची गोळी): तीन वर्षं घेतेय, माझा अनुभव

2022 मध्ये ऑफिसच्या हेल्थ चेकअपला माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178 आला. टोटल कोलेस्टेरॉल 254, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 42, ट्रायग्लिसराइड 170. वय तेव्हा 46, वजन बेताचं, शुगर नाही, बीपी नाही, त्यामुळे मला आधी वाटलं लॅबवाल्यांचंच काहीतरी चुकलंय. डॉक्टरांनी घरात कुणाला हार्टचं काही आहे का विचारलं तेव्हा सांगितलं की वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक आला होता, आणि ते ऐकल्यावर ते एकदम गंभीर झाले.

तरी लगेच गोळी नाही दिली. तीन महिने मुदत दिली, रोज 45 मिनिटं चालायचं, तळलेलं बंद, बेकरीचं बंद, संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी पण बंद. मी सगळं मनापासून केलं, वजनही तीन किलो उतरलं, आणि एलडीएल किती तर 163. मला त्या दिवशी खरंच रडू आलं. डॉक्टर म्हणाले ताई तुमचं काही चुकलेलं नाही, आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतःच बनवतं, जेवणातून येणारा वाटा त्या मानाने कमी, आणि तुमच्या घराण्यातच ते जास्त दिसतंय. मग रोसुवास्टॅटिन 10 एमजी ही स्टॅटिन जातीची गोळी लिहून दिली, दिवसातून एक.

गोळी लहानशी आहे, गुलाबी, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी, चव नाही वास नाही, पोटालाही काही झालं नाही. जेवणाआधी घ्या नंतर घ्या, सकाळी घ्या रात्री घ्या, चालतं, फक्त वेळ एकच ठेवायची. (आईच्या मैत्रिणीला सिमवास्टॅटिन आहे, ती मात्र रात्रीच घ्यायला सांगितलीय, कारण लिव्हरचं कोलेस्टेरॉल बनवायचं काम रात्री जास्त चालतं आणि त्या गोळीचा असर फार वेळ टिकत नाही.) ॲसिडिटीचं जेल घेत असाल तर गोळीनंतर दोन तास जाऊ द्या, नाहीतर गोळी नीट अंगात शोषली जात नाही.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट केला. एलडीएल 91. मी तीन वेळा वाचला तो आकडा. लिव्हर ज्या एन्झाइमने कोलेस्टेरॉल बनवतं तेच ही गोळी दाबून ठेवते, मग लिव्हरला स्वतःचंच कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला लागतं, असं सरळ काम आहे. मूळ शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा, त्यांना या जातीचं पहिलं औषध 1970 च्या दशकात बुरशीत सापडलं, आणि या जातीची पहिली गोळी बाजारात आली 1987 मध्ये. एंडो 2024 मध्ये गेले, तेव्हा बातमी वाचून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

आता त्रासाचं. दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखायला लागल्या, जिना चढताना जास्त. स्टॅटिनने मसल खराब होतात असं सगळीकडून ऐकलेलंच होतं त्यामुळे मी घाबरले, पण गोळी स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सीपीकेची टेस्ट (मसलला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) सांगितली, ती नॉर्मल आली, म्हणाले घेत राहा, आणि महिन्याभरात दुखणं गेलं. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता, स्टॅटिनच्या त्रासाने गोळी सोडलेल्या 60 लोकांना कधी खरी गोळी, कधी नुसती खोटी, कधी काहीच नाही असं महिन्या-महिन्याने दिलं, तर स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्यातला साधारण 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे दुखणं खोटं असतं असं नाही, ते दुखतंच, फक्त दर वेळी कारण गोळी नसते. पण दुखणं खूप असेल, लघवी गडद चहासारखी होत असेल तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शुगर काठावर असेल तर ती थोडी वर जाऊ शकते, माझी एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 5.6 ची 5.8 झाली, वर्षातून एकदा बघतो. आणि बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, प्रेग्नन्सीत ही गोळी सहसा बंदच करतात.

सगळ्यात वाईट अनुभव गोळीचा नाही, दुकानाचा आला. नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून दुसऱ्या एका दुकानात गेले, त्याने नाव बघून स्ट्रिप दिली, मीही पर्समध्ये टाकली. नाव तेच होतं पण पुढे छोटं "गोल्ड" लिहिलेलं. आठ-नऊ दिवसांनी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, दंडावर काळंनिळं, कशाला आपटल्याचं आठवत नाही. गोल्ड म्हणजे तीच रोसुवास्टॅटिन पण सोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी दोन औषधं, स्टेंटवाल्यांना देतात ती! मला काडीची गरज नव्हती. तेव्हापासून काउंटरवरच स्ट्रिप उलटी करून मागचा मजकूर वाचते, चष्मा काढून वाचते. नावामागचं शेपूट बघा हो सगळ्यांनी: सीव्ही असेल तर क्लोपिडोग्रेल, एफ असेल तर फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइडचं औषध), ईझेड असेल तर इझेटिमाइब. चिठ्ठीवर शेपूट नसेल तर स्ट्रिपवर पण नको.

पैशाचं म्हणाल तर ब्रँडेड गोळी दीड वर्ष घेतली, मग डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली सुरू केली, खर्च निम्म्याहून खाली आला. मनात धाकधूक होती म्हणून दोन महिन्यांनी मुद्दाम टेस्ट केली, एलडीएल 88. तेच काम. तक्रार एकच, आमच्या इथल्या केंद्रात कधीकधी स्टॉक संपतो, म्हणून दहा गोळ्या उरल्या की मी जाऊन येते.

घरात सासऱ्यांना, आमच्या तात्यांना, अँजिओप्लास्टीनंतर ॲटोर्वास्टॅटिन 40 आहे. त्यांचा एलडीएल 64 आला आणि त्यांनी, आता झालं नॉर्मल, म्हणून गोळी सोडून दिली, आम्हाला पत्ताच नाही. अडीच महिन्यांनी 131. गोळी असते तोवरच आकडा खाली असतो, हे मी त्यांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवलं. स्टेंटवाल्यांना 55 च्या खाली पाहिजे, हे भारतातल्या हार्टच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2024 च्या गाइडलाइनमध्येच म्हटलंय. डोस डबल केला तर एलडीएल फक्त 6 टक्क्यांच्या आसपास अजून उतरतो, म्हणून डॉक्टरांनी 40 ची 80 न करता इझेटिमाइब जोडली, ती आतड्यातच कोलेस्टेरॉल अडवते. आता 52. मी त्यांच्या स्ट्रिपवर बॉलपेनने तारखा लिहून ठेवते, रोज सकाळी चहा झाला की तात्या स्वतः ती तारीख वाचून दाखवतात आणि मग गोळी घेतात.

गोळीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. मागच्या आठवड्यात धाकट्या भावालाही टेस्ट करायला लावली, 39 वय, त्याने आयुष्यात कधी केलीच नव्हती. त्याचा 169 आलाय, सोमवारी आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे जातोय.