कॅशलेस की रीइम्बर्समेंट? आईच्या दोन गुडघ्यांचा अनुभव

आईचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. आरोग्य विम्यात उजवा रीइम्बर्समेंटवर झाला (बिल आपण भरायचं, विमा कंपनी नंतर परत देते), डावा कॅशलेसवर (कंपनी थेट हॉस्पिटलला देते), त्यामुळे ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी काय निवडावं हे विचारणाऱ्यांना निदान आमचं काय झालं ते सांगू शकतो.

उजव्याच्या वेळी आईला तिचेच डॉक्टर हवे होते, ते हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांत, नव्हतं, म्हणून पैसे आधी भरले आणि नंतर फाइल लावली. विश्वासातले डॉक्टर मिळणं हा फायदा छोटा नाही. डिस्चार्जलाही कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागली नाही, बिल भरलं आणि जेवायच्या वेळेला घरी.

त्रास नंतर सुरू झाला. विमा कंपनीची पहिली क्वेरी (शंका) आली इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, स्टिकरची (सांध्याच्या खोक्यावरचं बॅच नंबरवालं, ते केस पेपरवर चिकटवतात), ते दिलं तर काही दिवसांनी सगळे इनडोअर केस पेपर मागितले, ते दिले तर गुडघेदुखी कधीपासून आहे याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. हे सगळं पहिल्याच दिवशी एकदम का नाही मागितलं? दरवेळी हाफ डे टाकून मी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभा, आणि तिथे कोणालाच घाई नाही. पैसे अडकले म्हणून डावा गुडघा सात महिने पुढे गेला. तेवढे महिने आई जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायची. क्लेम कोणी नाकारला नव्हता, नुसता लटकवला होता, तरी उपचार थांबलेच ना.

डाव्याला नेटवर्कमधलं हॉस्पिटल घेतलं, डॉक्टर नवे. क्वेरी तिथेही आली, तीच, दुखणं कधीपासूनची. पण ती गेली हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्ककडे आणि त्यांनी संध्याकाळच्या आत उत्तर पाठवलं, कारण आता पैसे त्यांचे अडकणार होते. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

कॅशलेसमध्येही डोकेदुखी आहेच. आयआरडीएआयच्या (विमा नियामक) 2024 च्या नियमाने भरती होताना 1 तासात आणि डिस्चार्जला 3 तासांत मंजुरी यायला हवी, पण ते 3 तास हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवल्यापासून मोजतात, आणि आमचं फायनल बिल बनायलाच दुपार झाली. डिपॉझिटही भरावं लागलं. रूम रेंट मर्यादेबाहेर गेला की होणारी कपात, ग्लोव्ह्जचे वगैरे न मिळणारे पैसे, हे दोन्हीकडे सारखंच.

तुमचे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे असतील आणि हातात पैसे मोकळे असतील तर रीइम्बर्समेंट चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण आधी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'चं (नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस) विचारून बघा, जानेवारी 2024 पासून आहे, ठरलेल्या ऑपरेशनला भरतीच्या 48 तास आधी कंपनीला कळवावं लागतं, मात्र हॉस्पिटलही तयार हवं.

आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं समजून ऑपरेशन रद्द करू नका, नंतर रीइम्बर्समेंटला फाइल लावता येते. तीही नाकारली तर पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, 50 लाखांपर्यंतच्या क्लेमसाठी, फी लागत नाही. स्टिकरचा फोटो मात्र डिस्चार्जच्या आधीच काढून ठेवा.